ताब्याबरोबर भिंतींचा नकाशाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पानांवर हल्ली भिंतीवरच्या फळ्यांचे फोटो वरचेवर पाहायला मिळतात. पांढरीशुभ्र भिंत, तिच्यातूनच निघाल्यासारखी दिसणारी फळी, खाली ब्रॅकेट नाही की टेकू नाही, आणि फळीवर ओळीने उभ्या केलेल्या रंगीत बशा. मध्येच एखादे पितळी ताट. फोटो बघून कुणालाही वाटते, आपल्याही घरात असे करावे. पण ती फळी कशाच्या भिंतीत, कशाने आणि किती खोल बसवली आहे हे मात्र कुठे छापलेले नसते. घरी करायला बसलेल्या माणसाचे गाडे नेमके तिथेच अडते. म्हणून हे पत्र, आणि घराच्या ताब्याबरोबर बिल्डरने भिंतींचा नकाशाही द्यावा ही त्यातली मागणी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीमध्ये पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा कारागीर होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे, पुण्यात रावेतला राहतो. लाकूड आणि मापे यांतच माझा जन्म गेला, त्यामुळे हा विषय मला लहान वाटत नाही.

उन्हाळ्यात आमच्याच मजल्यावरच्या एका घरातली अशी फळी भर दुपारी खाली आली. फळीखाली सोफा होता आणि त्या घरातली नात रोज त्यावर झोपायची. त्या दिवशी ती आजोळी होती. बिदरचे ताट वाचले, त्याला नुसता पोचा आला. जयपूरच्या निळ्या बशांचा मात्र चुरा झाला. त्यांनी मला बघायला बोलावले. भिंतीतले प्लग स्क्रूंसकट सगळेच्या सगळे बाहेर आले होते आणि भोकांच्या जागी मुठीएवढे खळगे पडले होते. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे आत बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटी ठोकळ्यांची होती. ज्या सुताराने फळी लावली तो हातचा चांगला माणूस आहे. विटेच्या भिंतीत तो वर्षानुवर्षे जे करत आला तेच त्याने इथे केले. भिंत कशाची आहे हे त्याला घरमालकाने सांगितले नाही, कारण घरमालकालाच ते कुणी सांगितलेले नव्हते.

दोष आहे तो इथे. आज पुण्यात, ठाण्यात, नाशकात, अगदी आमच्या कोल्हापुरातसुद्धा जी घरे उभी राहतात त्यांच्या भिंती बाहेरून एकसारख्या दिसतात. जिप्समचा गुळगुळीत थर, वर रंग. आत मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. जुनी वीट असेल तर साधा प्लग आणि दोन इंची स्क्रू वर्षानुवर्षे धरून ठेवतो. एएसी ब्लॉक असेल तर गोष्ट निराळी. राख, सिमेंट आणि चुना यांच्या लगद्यात अॅल्युमिनियमची पूड घालून तो फुगवतात आणि वाफेच्या दाबाखाली पक्का करतात. आत सगळे बुडबुडे. घनमीटरला ५५० ते ६५० किलो वजन. विटेचे बांधकाम जवळजवळ तिप्पट भरते. इमारत हलकी होते, घर थंड राहते, हे त्याचे गुण खरेच आहेत. पण साधा प्लग त्यात पसरतो तेव्हा भोवतालचा ब्लॉकच चिरडत जातो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, महिन्याभराने बोटाने फिरतो. तिसरा प्रकार मिवानच्या घरांचा. तिथे भिंती, स्लॅब सगळे एका साच्यात ओतलेले काँक्रीट. पकड उत्तम, पण भोक पाडताना ड्रिल सळईवर जाऊ शकते, आणि विजेच्या नळ्याही त्याच काँक्रीटमध्ये गाडलेल्या असतात.

भोक पाडल्यावर तरी ओळखता येते. लाल पूड आली तर वीट. ड्रिल मऊपणे आत गेले आणि करडी-पांढरी पीठासारखी पूड भराभर पडली तर ब्लॉक. ड्रिल अडखळले, आवाज चढला आणि बारीक राखाडी पूड थोडी थोडी आली तर काँक्रीट. सुरुवातीचा अर्धा इंच बहुतेक ठिकाणी जिप्सम किंवा गिलावा असतो, तो हिशेबात धरायचाच नाही. प्लग त्याच्या पलीकडे गेला पाहिजे. ब्लॉकमध्ये ड्रिलचे हॅमर बंद ठेवावे, भोक मापापेक्षा थोडे बारीक पाडावे आणि त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब नायलॉनचे प्लग वापरावेत. रविवार पेठेत बोहरी आळीत मागितले की मिळतात. दुकानदाराला नुसते ‘प्लग द्या’ न म्हणता भिंत कशाची ते सांगावे लागते.

दुसरी गोष्ट तरफेची, आणि ती शाळेत शिकलेली असूनही फळीपाशी कुणाला आठवत नाही. फळी आणि तिच्यावरच्या बशा मिळून आठ किलो धरा आणि तो भार भिंतीपासून तीन इंचांवर आहे असे समजा. आठ गुणिले तीन, चोवीस. आता फळी फोटोतल्यासारखी बिनटेकूची असेल तर तिला तोलायला उंची मिळते ती फक्त तिच्या जाडीएवढी, फार तर एक इंच. म्हणजे भिंतीतून उपटण्याची ओढ चोवीस किलो. हीच फळी खाली सहा इंच उंच पट्टी देऊन बसवली, पट्टीचे स्क्रू वरच्या कडेपासून एक इंच खाली घेतले, तर स्क्रूंपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत पाच इंच मिळतात. चोवीस भागिले पाच. ओढ पाच किलोच्या आत आली, आणि तीही सात-आठ स्क्रूंमध्ये वाटली गेली. बशा त्याच, वजन तेच. फळीची रुंदी बारा इंच केली तर हेच गणित उलट्या बाजूने वाढत जाते. बशा आडव्या मांडायच्या नसून उभ्या करायच्या आहेत, तेव्हा पाच इंच रुंदी पुष्कळ झाली.

आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जुन्या मांडणीत हे सगळे होते. दोन उभे खांब, आडव्या फळ्या आणि प्रत्येक फळीच्या पुढे एक आडवी दांडी. ताटे तिच्यामागे उभी, वाट्या-पेले खाली, हंडे-कळशा एकीवर एक. माझे बालपण कऱ्हाडजवळच्या खेड्यात गेले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माजघरात भिंतीवर एक उघडी फळी होती, तिच्यावरचे सगळे खाली आले; दोन चिनी मातीच्या बरण्या फुटून लोणचे जमिनीवर पसरले. स्वयंपाकघरातली मांडणी खडखडली, पण दांडीमागची ताटे जागच्या जागी राहिली. त्यानंतर वडिलांनी घरातल्या प्रत्येक फळीपुढे बांबूची कांब ठोकली. कोयनेच्या परिसरात लहान धक्के अजूनही बसतात, पाटण-कऱ्हाडकडच्या वाचकांना ते सांगायला नको. आणि भूकंप कशाला, वरच्या मजल्यावर कुणी ड्रिल चालवले तरी गुळगुळीत फळीवरची बशी केसाकेसाने पुढे सरकते.

आमच्या घरी हे काम निघाले ते सूनबाईंमुळे. तिला ताटल्या-बशा जमवण्याचा नाद आहे. बिदरला गेली तेव्हाचे बिदरी ताट, जयपूरच्या दोन निळ्या बशा, सावंतवाडीची लाखकामाची रंगवलेली लाकडी थाळी, आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे तिच्या आजीचे पितळी ताट. त्याच्या कडेवर टिंबाटिंबांनी आजीचे नाव आणि ते ज्यांनी दिले त्यांचे नाव कोरलेले आहे, पूर्वी लग्नाच्या भांड्यांवर घालायचे तसे. मला म्हणाली, “बाबा, ही कपाटातच ठेवायची तर आणली कशाला? आणि आजीचं ताट मी कुणाला दाखवणार?” मला तिचे म्हणणे पूर्ण पटले. किती घरांतून अशी ताटे, घंगाळे, पराती मोडीत गेली. तांबट आळीत हातोडीने ठोकून, मठारकाम करून घडवलेले भांडे तराजूत टाकले की त्याची किंमत फक्त वजनाएवढी उरते. ठेवायला जागा नाही, घासायला वेळ नाही, म्हणून लोक देऊन टाकतात. पाच फुटांची एक फळी नीट बसवली तर त्यातली निदान चार-पाच भांडी घरात राहतील. या विषयाची मला एवढी आस्था आहे ती यासाठी.

लाकूड मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले. पाडलेल्या घराच्या तुळईचे जुने सागवान. ते एकदा वाळून बसलेले असते, पावसाळ्यात फार खेळत नाही. नव्या पार्टिकल बोर्डाच्या फळीला पाच फुटांत मध्ये झोळ येतो आणि स्क्रू एकदा सैल झाला की दुसऱ्यांदा धरत नाही, म्हणून बशांसाठी मी ते वापरू नका असेच सांगतो. प्लायवूड चालेल, चांगले आणि सहा सूत जाडीचे घ्यावे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). माझी फळी पाच फूट लांब, पाच इंच रुंद, सहा सूत जाड. तिच्या खाली मागच्या बाजूला सहा इंच उंच पट्टी, आणि फळी व पट्टी यांना धरणारे तिकोनी टेकू दर सव्वा फुटाला. लोकांना टेकू नकोसे वाटतात. पटाशीने त्यांना साधी गोलाई दिली की ते फळीपेक्षा देखणे दिसतात, आणि भार खरा तेच घेतात.

बशी उभी राहते ती झिरीमुळे. भिंतीपासून सव्वादोन इंचांवर एक झिरी दहा इंची बशांसाठी, आणि दीड इंचावर दुसरी लहान बशांसाठी. बशी मागे रेलते तेव्हा तिची खालची कड पुढे सरकू पाहते, म्हणून झिरीची पुढची बाजू अगदी उभी हवी आणि मागची उतरती. खोली दोन सूत, रुंदी तीन सूत. बशीची कड साधारण दोन सुतांची असते, मग एक सूत जास्त कशाला असे मुलाने विचारले. बिडाचे कास्टिंग गार होताना फुटाला साधारण एक सूत आकसते; आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करून ठेवायचो. वस्तूला हलायला जागा ठेवली नाही की ती तडकते, मग ते बीड असो की चिनी माती. झिरीच्या पुढे, फळीपासून दीड इंच उंचीवर, अर्ध्या इंचाची गोल दांडी दिली. ताटावरचे नाव दांडीमागे झाकले जाऊ नये म्हणून सूनबाईने ते ताट फिरवून नाव वर आणले. जिथे बशीची वरची कड भिंतीला टेकते तिथे फेल्टची छोटी टिकली चिकटवली. भिंतीचा रंगही राहतो आणि बशी सरकतही नाही. शेवटी पॉलिश पेपर मारून लाखेचे पॉलिश हाताने दिले.

प्रत्येक भांड्याचा स्वभाव निराळा. जयपूरच्या निळ्या कामात चिकणमाती नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती असे मिश्रण असते, त्यामुळे ती बशी दिसायला जाड असली तरी ठिसूळ. तिला फळीच्या टोकाला, येता-जाता खांदा लागेल अशा जागी ठेवू नये. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडे तांबे. हाताला जड लागते. ते टेकूच्या बरोबर वर ठेवावे. त्याचा काळा रंग बिदरच्या मातीच्या लेपाने आणलेला असतो, म्हणून पितळेसारखे चिंच किंवा पावडर लावून घासू नये. रंग निघून जातो. खोबरेल तेलाचा हात पुरतो. पितळेला मात्र चिंच आहेच. फळी स्वयंपाकघरात शेगडीजवळ नको, फोडणीचा धूर बसून दांडी-बशा सगळे चिकट होते. पलंगावर, पाळण्यावर, सोफ्यावर तर कधीच नको, कितीही मजबूत बसवली तरी.

आता मूळ मागणीकडे येतो. आमची फळी कुठे लावायची हे ठरवायला मला लाकूडकामापेक्षा जास्त खटपट पडली. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली वायरची नळी असते एवढे सगळ्यांना माहीत असते. पण एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डाकडे कुठून गेली आहे? भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, मग पाण्याचा पाइप किती उंचीवरून गेला? ब्लॉकच्या भिंतीत ठरावीक उंचीवर काँक्रीटचा आडवा पट्टा ओततात, दारावर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई असते. फळीचे स्क्रू त्या पट्ट्यात गेले तर पकडीची काळजीच नको. दाराच्या वरच्या कडेला, सात फुटांच्या आसपास, बशांची फळी शोभतेही छान आणि मुलांचा हातही पोहोचत नाही. पण तो पट्टा नेमका कुठे आहे हे सांगायला कुणी नाही. साइटवरचे ऑफिस बंद झाले होते, फोनवर ‘वरिष्ठांशी बोला’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर वायर शोधायचे यंत्र उसने आणून आणि दोन बारीक भोके पाडून मी जागा नक्की केली. माझ्यापाशी वेळ होता आणि हाताला सवय होती. नोकरी करणाऱ्या माणसाने हे कधी करायचे?

ही माहिती बिल्डरपाशी नसते असे नाही. इमारत बांधताना स्ट्रक्चरल, विजेचे आणि प्लंबिंगचे नकाशे निघतातच, त्यांच्याशिवाय काम होत नाही. ते त्यांच्याच फायलीत पडून राहतात. घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १९ मध्ये, घराचा ताबा मिळाल्यावर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. ‘आवश्यक’ या शब्दात माझ्या मते हे बसलेच पाहिजे. प्रत्येक फ्लॅटमागे एक कागद. कुठली भिंत कशाची आणि किती जाड, काँक्रीटचे पट्टे किती उंचीवर, वायरच्या नळ्या, पाण्याचे आणि गॅसचे पाइप कुठून गेले. भिंतीवर गिझर टांगणारा, टीव्ही लावणारा, देवघर बसवणारा, वयस्कर माणसासाठी न्हाणीघरात आधाराचा दांडा लावणारा, सगळ्यांना तोच कागद लागतो. तो दांडा ब्लॉकमधून उपटला तर काय होईल याचा विचार करा. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, या कागदाचा एक नमुना ठरवून दिला आणि ताबापत्राबरोबर तो देणे सक्तीचे केले तर त्याला खर्च जवळजवळ नाही.

पुनर्विकासातल्या घरांसाठी तर हे आणखी निकडीचे आहे. चाळीस वर्षे विटेच्या घरात राहिलेली माणसे नव्या इमारतीत जातात आणि पहिल्याच आठवड्यात सवयीने हातोडी आणि खिळा घेऊन भिंतीपाशी उभी राहतात. तसबिरी, घड्याळ, खुंट्या, फळ्या. कुणीतरी त्यांच्या हातात तो कागद द्यायला हवा.

ज्या सोसायट्यांना ताबा नुकताच मिळाला आहे किंवा मिळायचा आहे त्यांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, साइटवरचे ऑफिस हलण्याआधी हे नकाशे लेखी पत्र देऊन मागून घ्या आणि प्रत्येक सभासदाला प्रत द्या. नंतर ते शोधायला कुणी सापडत नाही. आणि संपादक महोदय, आपल्या पानावर पुढच्या वेळी अशा फळीचा फोटो येईल तेव्हा त्याखाली भिंत कशाची होती, स्क्रू किती लांबीचे आणि किती होते, फळीवर किती किलो ठेवले आहेत, एवढ्या दोन ओळी जरूर छापाव्यात. मापे तपासून द्यायला मी आणि माझ्यासारखे अनेक निवृत्त कारागीर आनंदाने तयार होऊ.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
रावेत, पुणे